जे उघडत नाही, ते धुतले जात नाही

गेल्या अंकात आम्ही लोणच्याच्या बरण्यांविषयी लिहिले, तेव्हा बुरशीचा विषय यंदाच्या पावसाळ्यापुरता तरी संपला, अशी आमची समजूत होती. वाचक-भगिनींची पत्रे मात्र निराळेच सांगतात. त्यांतले एक पत्र इंदूरहून आले आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनीचा नातू दीड वर्षाचा आहे. त्याच्या झाकणाच्या पेल्यात, ज्याला बाजारात सर्रास ‘सिपर’ म्हणतात त्यात, चोचीच्या आतल्या अंगास त्यांना काळे ठिपके आढळले. “दिवसातून दोन वेळा साबणाने धुतलेल्या पेल्यात हे आले कोठून? आणि आता हा पेला टाकून द्यावा, की उकळून वापरावा?” असे त्यांनी विचारले आहे.

प्रश्न दिसायला लहान आहे. पण ज्या घरात रांगते-चालते मूल आहे, तेथे त्याचे महत्त्व सांगावयास नको. या प्रश्नाचे उत्तर आम्ही केवळ वाचून देत आहोत, असेही नाही. ते आम्हांला आमच्याच घरात, आणि खाली मान घालून, शिकावे लागले. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

तीन वर्षांपूर्वीचा श्रावण होता. बडोद्याचा पावसाळा ज्यांनी काढला आहे, त्यांना ठाऊक आहे की विश्वामित्रीला पूर येवो वा न येवो, घराच्या भिंतींना ओल ही येतेच. कपाटातले कपडे दमट, मिठाला पाणी सुटलेले, आणि वाळत घातलेले दुपटे तिसऱ्या दिवशीही ओलेच, असे ते दिवस. आमचा नातू तेव्हा सव्वा वर्षाचा होता. सूनबाई नोकरी करते. त्यामुळे सकाळचे चार-पाच तास तो पाळणाघरात आणि पुढे संध्याकाळपर्यंत आमच्यापाशी असे. त्याला एक निळा पेला फार आवडे. त्याला दोन कान होते, घट्ट बसणारे झाकण होते, झाकणाला चोच होती, आणि उलटा केला तरी त्यातून थेंब सांडत नसे. हा पेला धुण्याचे काम आम्ही आपल्याकडे ठेवले होते. भांडी घासणाऱ्या बाईंच्या हाती तर सोडाच, सूनबाईच्या हातीही आम्ही तो देत नसू.

त्या महिन्यात नातवाचे पोट तीनदा बिघडले. पहिल्या वेळी दात येत असतील म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. दुसऱ्या वेळी आमचा संशय पाळणाघरावर गेला. तिथले पाणी कसले, तिथल्या मुलांचे हात कसले, हे आम्ही सूनबाईला एकदा नव्हे, चारदा ऐकवले. ती काही बोलली नाही. तिसऱ्या वेळी मात्र घरात पाळणाघर बंद करण्याची, आणि मग तिने नोकरीच सोडण्याची भाषा हलक्या आवाजात सुरू झाली. आम्ही ती थांबवली नाही. खरे म्हणजे ती आमच्यापासूनच सुरू झाली होती.

रावपुऱ्यातल्या ज्या वयस्क डॉक्टरांकडे आम्ही मुलाला घेऊन गेलो, त्यांनी त्याचे पोट तपासले, डोळे पाहिले, आणि मग आमच्याकडे वळून विचारले, “बा, एनो प्यालो लाव्या छो?” पेला पिशवीत होताच. तो आम्ही काहीशा अभिमानानेच पुढे केला. कारण तो लख्ख होता. डॉक्टरांनी झाकण फिरवून काढले, आतली पांढरी रबरी झडप चिमट्याने उचकटून बाहेर ओढली, आणि ती उलटी करून आमच्यासमोर धरली. झडपेच्या पाठीमागे, काजळाची रेघ ओढावी तसा काळा थर होता. ज्या खाचेत ती बसत असे, तेथे दुधाची पिवळट साय वाळून चिकटली होती, आणि तिच्या कडेला काहीतरी गुलाबी व बुळबुळीत असे होते. वास तर सांगण्याजोगा नव्हता.

ती झडप निघते, हेच आम्हांला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

डॉक्टर समंजस होते. जुलाब याच पेल्याने झाले, असे खात्रीने सांगता येणार नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण हा पेला आज फेकून द्या, असेही सांगितले. “तुम्ही धुतला होता, बा, पण उघडला नव्हता,” एवढेच त्यांचे बोलणे आमच्या मनात कायमचे राहिले. बाहेर आल्यावर सूनबाई हळूच म्हणाली, “आई, पाळणाघरात त्याला स्टीलच्या फुलपात्रातून पाणी देतात. हा पेला घरचाच.” तिच्या स्वरात राग नव्हता, आणि त्यामुळेच ते शब्द अधिक लागले.

त्या रात्री आम्ही तिला जवळ बसवले आणि म्हटले, “अगं, दोष तुझ्या पाळणाघराचा नव्हता. माझ्या हाताचा होता.” साठी उलटल्यावर असे वाक्य तोंडातून निघायला वेळ लागतो. पण ते निघाले, आणि नोकरी सोडण्याचा विषय पुन्हा आमच्या घरात निघाला नाही.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू.

बुरशी येते कोठून, असे आमच्या भगिनी विचारतात. ती कोठूनच यावी लागत नाही, ती असतेच. बुरशीचे बीज डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपाने हवेत सर्वत्र तरंगत असते. ते कणकेवर पडते, भाकरीवर पडते, तसेच पेल्यातही पडते. रुजण्यास त्याला तीनच गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि अन्न. झाकणाच्या पेल्यात या तिन्ही एका जागी मिळतात. चोचीत आणि झडपेखाली राहिलेले थेंब ही ओल. पावसाळ्यातली आपल्या घरातली हवा ही ऊब. आणि दूध, फळांचा रस किंवा डाळीचे पाणी हे अन्न. शिवाय पिताना मुलाची लाळ आणि तोंडातले घासाचे कण उलटे पेल्यात जातात, ते वेगळेच. नुसते पाणी देणाऱ्या घरांतही पेला काळा का पडतो, याचे उत्तर त्यात आहे.

लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू द्यावयाचा नाही, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. बरणी धुऊन, पुसून, उन्हात वाळवून मगच भरावयाची, हे आपण आजीच्या हातून उचलले. लोणच्याला मीठ, मोहरी आणि तेल यांचे संरक्षण असूनही आपण इतकी काळजी घेतो. आणि ज्या दुधाला असले कोणतेच संरक्षण नाही, त्याचा पेला मात्र ओलाच झाकण लावून फडताळात ठेवतो! आम्ही स्वतः दररोज हेच करीत होतो. धुतला, निथळला, झाकण लावले, ठेवला. झाकण लावलेला ओला पेला म्हणजे बुरशीची पेरणी, हे तेव्हा ध्यानी आले नाही.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. काळी बुरशी डोळ्यांना दिसते म्हणून आपण तिला घाबरतो. पण तिच्या सोबतीला जे दिसत नाही, ते अधिक उपद्रवी असते. उबदार हवेत दुधातले काही जिवाणू अनुकूल स्थितीत दर २० मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. सकाळचे उरलेले दूध दुपारपर्यंत पेल्यात राहिले, तर त्याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. हे जिवाणू खाचांत एक चिकट थर धरून बसतात. बोटाला बुळबुळीत लागतो तोच हा थर. तो नुसत्या पाण्याने वाहून जात नाही आणि साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवल्यानेही सुटत नाही. त्याला घासावेच लागते. गुलाबीसर दिसणारा थरही बुरशीचा नसून बहुधा अशाच जिवाणूंचा असतो.

हा धडा जगाला काही नवा नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात लहान मुलांसाठी दुधाची एक बाटली निघाली होती. तिच्या तोंडाला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला बोंडी असे. बाटली पाळण्यात ठेवली की मूल आपल्याआप दूध ओढी आणि आई कामाला मोकळी होई. सोय एवढी की घरोघर ती बाटली झाली. पण त्या नळीच्या आतून हात फिरत नव्हता, तेथे ब्रशही नीट पोहोचत नव्हता, आणि तिच्यात कुजलेल्या दुधाने अनेक बालके दगावली. अखेर फ्रान्सने १९१० साली कायदा करून नळीच्या बाटल्यांची विक्रीच बंद केली.

त्यानंतर शंभर वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. मे २०१६ मध्ये अमेरिका व कॅनडा या देशांत एका कंपनीचे ३० लाखांहून अधिक पेले बाजारातून परत मागवण्यात आले. त्यांची झडप एकसंध, म्हणजे न उघडणारी होती. तिच्या पोटात बुरशी धरल्याच्या तीन हजारांवर तक्रारी आल्या होत्या, आणि त्यांतल्या काही तक्रारींत मुलांना उलट्या-जुलाब झाल्याचे नमूद होते. पालकांनी झडपेला सुरीने चीर देऊन आत पाहिले, तेव्हा कोठे ते उघडकीस आले. नळी असो वा झडप, मुद्दा एकच: जे उघडत नाही, ते धुतले जात नाही. आणि जे धुतले जात नाही, ते मुलाच्या ओठाशी नेऊ नये.

आता प्रत्यक्ष धुण्याची रीत सांगतो. ती अवघड नाही. तिला पाच-सात मिनिटे लागतात एवढेच.

मुलाचे पिऊन झाले, की उरलेले दूध ओतून द्यावे. ‘थोडेच राहिले आहे, नंतर पिईल,’ हा मोह टाळावा. पेला लगेच धुणे जमत नसेल, तर निदान साध्या पाण्याने विसळून उघडा ठेवावा. दुधाच्या भांड्याला पहिले पाणी थंडच घ्यावे, हे आपल्या घरांतून पूर्वीपासून पाळले जाते आणि ते योग्यच आहे. एकदम कढत पाणी घातले तर दुधातला सत्त्वांश भांड्याला धरून बसतो.

मग पेला पूर्ण सोडवावा. झाकण, चोच, झडप, नळी, झाकणाच्या आतले रबरी कडे, जे जे निघते ते ते वेगळे करावे. कुकरच्या झाकणातली रिंग आपण काढून धुतो, तीच गोष्ट येथे. कडे नखाने निघत नसेल, तर चमच्याच्या दांड्याने हलकेच उचलावे. सुरीचे टोक लावू नये, कारण रबराला चरा पडला की त्या चऱ्यात पुन्हा घाण बसते.

हे सुटे भाग मोरीत किंवा सिंकमध्ये टाकू नयेत. तेथे खरकटे पडते, कच्च्या भाज्यांची माती पडते. त्यांच्यासाठी एक लहान पातेले वेगळे ठेवावे आणि ते दुसऱ्या कशाला वापरू नये. त्यात गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन, मऊ ब्रशाने प्रत्येक भाग घासावा. नळीसाठी बारीक, लांब ब्रश मिळतो, तो घ्यावाच. झडपेच्या खाचेसाठी मुलांचा नवा, मऊ दात घासण्याचा ब्रश चांगला उपयोगी पडतो. काथ्या, तारेची घासणी, राख किंवा भांडी उजळण्याची पावडर प्लॅस्टिकला लावू नये; त्यांनी बारीक ओरखडे पडतात, आणि वर सांगितलेला चिकट थर त्याच ओरखड्यांत घर करतो. नंतर वाहत्या पाण्याखाली प्रत्येक भाग धरावा. झडपेला चीर असेल, तर ती दोन बोटांनी दाबून पाणी आरपार जाऊ द्यावे.

धुण्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व वाळवण्याला आहे. फडक्याने पुसण्याची आपल्याला सवय असते. पण स्वयंपाकघरातल्या ज्या फडक्याने ओटाही पुसला जातो, ते या भांड्यांना लावणे म्हणजे केलेले काम फुकट घालवणे होय. भाग झटकून, स्वच्छ जाळीवर सुटे-सुटे, एकमेकांना न चिकटता ठेवावेत. पेला सपाट ओट्यावर पालथा घालू नये. त्याच्या पोटात वाफ कोंडते. तो कलता, हवा खेळेल असा ठेवावा. नळी उभी टांगावी. ऊन असेल तर उत्तमच. मात्र ऊन नळीच्या आत पोहोचत नाही आणि कडक उन्हात दिवसेंदिवस ठेवलेले प्लॅस्टिक तडकते, हेही लक्षात असू द्यावे. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवावे. आणि सर्व भाग पूर्ण कोरडे झाल्याशिवाय पेला जोडू नये. खरे तर वापरायच्या वेळीच जोडावा. पावसाळ्यात एक पेला वेळेवर वाळत नाही, म्हणून दोन ठेवावेत: एक वापरात, दुसरा वाळणात.

उकळण्याविषयी अनेकींनी विचारले आहे. सुटे केलेले व आधी घासलेले भाग पाण्यात पूर्ण बुडवून, पाण्याला उकळी फुटल्यापासून ५ मिनिटे उकळले म्हणजे पुरे. पेल्यावरील सूचनेत उकळण्यास मनाई नाही ना, हे तेवढे पाहून घ्यावे. दुहेरी भिंतीचे, ऊब धरून ठेवणारे स्टीलचे पेले सहसा उकळायचे नसतात. अगदी तान्ह्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारातून उठलेल्या मुलांची भांडी रोज उकळावीत. धडधाकट, वर्षावरच्या मुलासाठी रोज नीट धुणे हे मुख्य. अधूनमधून उकळणे ही वरची काळजी. मात्र न घासता उकळलेला पेला स्वच्छ झाला, असे कोणी समजू नये. उकळण्याने जिवाणू मरतात. चिकटलेला थर जागचा हलत नाही, आणि पुढच्या बुरशीला तोच आयता आधार होतो.

व्हिनेगराचे, म्हणजे शिरक्याचे, पुष्कळ गोडवे गायले जातात. आपल्या भागात, विशेषतः बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत, भांड्यांवर पांढरा, खरखरीत क्षार धरतो. तो शिरक्याने किंवा लिंबाच्या रसाने छान सुटतो. पुष्कळदा या क्षारालाच बुरशी समजून माणसे घाबरतात. लिंबाने विरघळला तो क्षार; बोटाला मऊ वा बुळबुळीत लागला, काळा-हिरवा दिसला, तो थर निराळा. परंतु मुरलेल्या बुरशीवर शिरक्याचा भरवसा धरू नये. आणि एक गोष्ट कधीही करू नये: कपड्यांचे डाग घालवण्याचे ब्लीच आणि शिरका किंवा लिंबू ही एकत्र करू नयेत. त्यांतून विषारी वायू निघतो आणि तो घरातल्या सर्वांच्याच छातीला अपायकारक असतो.

तर इंदूरच्या भगिनींना आमचे उत्तर असे. ठिपके चोचीच्या टणक प्लॅस्टिकवर असतील, आणि ती उघडून, घासून, उकळून डाग पूर्ण निघाले, वासही गेला, तर पेला ठेवता येईल. पण ठिपके रबरी वा सिलिकोनच्या भागात उतरले असतील, तर तो भाग बदलावा. सुटा भाग मिळत नसेल, किंवा चोच मुळी उघडतच नसेल, तर पेला टाकावा. शे-दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी जीव हळहळतो, हे आम्ही जाणतो. आमच्या पिढीने तर तुटलेल्या बादलीलाही डाग देऊन वापरले. पण ती काटकसर येथे नको.

मूल अशा पेल्यातून प्यायले असेल, तर घाबरून जाऊ नये. निरोगी मुलाच्या पोटात थोडी बुरशी गेली, तरी बहुधा काही होत नाही. एक-दोन दिवस लक्ष ठेवावे. उलट्या, जुलाब, अंगावर पित्त उठणे किंवा धाप लागणे असे काही दिसले, तर डॉक्टरांकडे न्यावे. धाप लागली तर मुळीच वेळ काढू नये. दम्याचा किंवा इतर आजार असलेल्या मुलाची अधिक जपणूक करावी. जुलाब झाले तर दूध-पाणी तोडण्याची जुनी चूक करू नये. आईचे दूध चालूच ठेवावे, आणि जलसंजीवनीची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात कालवून, चमच्या-चमच्याने देत राहावे. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, मूल मलूल पडले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त गेले, तर रात्र आहे की पाऊस आहे, हे न पाहता दवाखाना गाठावा.

राहिला प्रश्न नवा पेला घेण्याचा. दुकानात पेल्यावरचे ससे आणि मोर पाहण्याआधी तो तेथेच उघडून पाहावा. त्याचे भाग जितके कमी, तितका तो चांगला. प्रत्येक भाग सुटतो का, सुटलेल्या भागाच्या आत डोळ्यांना दिसते का, आणि जेथे दुधाचा थेंब पोहोचेल तेथे बोट किंवा ब्रश पोहोचतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली तर घ्यावा. न सांडणारा पेला ही मोठ्यांची सोय आहे. प्रवासात, गाडीत ती जरूर घ्यावी. पण दिवसभर मुलाच्या हाती दुधाचा पेला लटकत ठेवणे बुरशीच्याच काय, दातांच्या दृष्टीनेही वाईट. गोड दूध वा रस तासन्‌तास दातांवर राहिला, की दुधाचे दात किडतात.

आणि मुळात झाकणाचा पेला हवाच कशाला, हाही विचार करावा. सहा महिन्यांपर्यंत मुलाला आईच्या दुधावाचून काही नको, पाणीही नको. काही कारणाने वरचे दूध द्यावेच लागले, तर ते वाटी-चमच्याने द्यावे, असे आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ सांगत आले आहेत; १९९२ च्या कायद्याने तर दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींनाच आपल्या देशात बंदी घातली. सहा महिन्यांनंतर उघड्या पेल्यातून घोट घेण्याचा सराव सुरू करता येतो.

आमच्या सासूबाईंच्या पेटीत चांदीचे एक बोंडले आहे. वाटीसारखे, आणि एका बाजूला उघड्या पन्हळीची चोच काढलेले. आमच्या घरातल्या तीन पिढ्या त्यातून दूध प्यायल्या. डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी आम्ही ते मुद्दाम काढून पाहिले. त्यात एकही जागा अशी नाही, की जिथे करंगळी फिरत नाही. ज्या कारागिराने ते घडवले, त्याला जिवाणूंचे ज्ञान असणे शक्य नव्हते. भांडे घासणाऱ्या हाताचे ज्ञान मात्र त्याला होते. तरी जुने ते सर्वच सोने, असेही आम्ही म्हणणार नाही. रडणाऱ्या मुलाला मांडीवर आडवे दाबून त्याच्या घशात बोंडल्याने दूध ओतण्याची जी रीत होती, ती धोक्याची; दूध श्वासनलिकेत जाते. पितळेचे बोंडले कल्हई नसेल तर वापरू नये, हेही ओघाने आलेच. घ्यावयाचे ते त्याचे उघडेपण.

तो निळा पेला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नातवाला स्टीलचे लहान फुलपात्र दिले. पहिला आठवडा सगळे दूध त्याच्या अंगावर आणि आमच्या लुगड्यावर. तळाशी दोन घोट एवढेच घालून देण्याची युक्ती सूनबाईला पाळणाघरातल्या बाईंनी सांगितली, आणि महिन्याभरात तो दोन्ही हातांनी फुलपात्र धरून, नाक बुडवून, पण न सांडता पिऊ लागला. आता तो चार वर्षांचा आहे. पिऊन झाले की फुलपात्र उलटे करून ‘संपलं’ म्हणून दाखवतो. आम्ही ते हातात घेतो आणि सवयीने आतून एकदा बोट फिरवतो. सूनबाई ते पाहते आणि हसते, आम्हीही हसतो.

पुढील अंकी मुलांच्या शाळेतल्या पाण्याच्या बाटल्या आणि डब्यांच्या झाकणांतली रबरी कडी यांविषयी लिहू. तोवर वाचक-भगिनींनी, आणि घरात मदत करणाऱ्या वाचक-बंधूंनीही, आज रात्री निजण्यापूर्वी आपल्या घरातला लहानग्याचा पेला एकदा पूर्ण सोडवून पाहावा, एवढीच विनंती.